पाठकोरी छायाचित्रे

बेळगाव आणि निपाणी या सीमाभागातील घरगुती हस्तव्यवसायांचा अभ्यास करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते, ती ही की येथील बहुसंख्य कारागीर स्वतःला कारागीर म्हणवत नाहीत. वाकळ शिवणारी स्त्री ‘घरची वाकळ घालते’, बिडी वळणारी ‘बिड्यांवर बसते’, चपलेची वेणी घालणारी ‘हाताखाली मदत करते’. आणि ज्या कामाला करणारीच काम म्हणत नाही, त्याची नोंद ना खानेसुमारीत नीट होते, ना घराच्या सोप्यात, म्हणजे दर्शनी खोलीत, टांगलेल्या छायाचित्रांच्या चौकटींत. या भागात वर्षानुवर्षे कॅमेरा घेऊन घरोघर फिरणाऱ्याला जो अनुभव येतो त्याचे सार असे, की घरातील छायाचित्रे सणाची, लग्नाची आणि मृत्यूनंतरची असतात. ज्या हातांनी घर चालले ते हात मात्र त्या चित्रांत मांडीवर निवांत ठेवलेले दिसतात. हे हात कामात असतानाचे टिपायचे असतील, तर छायाचित्रकाराला आपले वेळापत्रक बाजूला ठेवून त्या घराचे पंचांग स्वीकारावे लागते, कारण येथील प्रत्येक हस्तकाम ऋतूला बांधलेले आहे.

या पंचांगाची सुरुवात वाकळीपासून करणे योग्य ठरते. जुन्या कापडांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेले जाड अंथरूण-पांघरूण म्हणजे वाकळ. धावदोरा म्हणजे सुई कापडातून सरळ वर-खाली नेत घातलेला साधा टाका. देशावर अन्यत्र तिला गोधडी म्हणतात, आणि निपाणीपासून थोडे पूर्वेला चिकोडीच्या बाजूला सरकले, की तीच वस्तू कन्नड घरांत ‘कौदी’ होते. नाव बदलले तरी हंगाम बदलत नाही. सुगी उरकून शेतातील कामे थंडावलेली असतात, चैत्र-वैशाखाचे ऊन जुनी लुगडी धुऊन कडकडीत वाळवायला पुरेसे असते आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी, पावसाळी गारठ्यासाठी पांघरुणे तयार व्हायला हवीत, अशा तिन्ही कारणांनी हे काम उन्हाळ्यात येते. सोप्यात जमीन सारवून त्यावर एखादे अखंड लुगडे पसरतात, त्याच्या कडा वाऱ्याने हलू नयेत म्हणून वरवंटा किंवा दगड ठेवतात, आत चिंध्यांचे आणि विटक्या धोतरांचे थर बसवतात आणि वरून निवडक तुकडे जुळवून मग कडेपासून आत टाके घालीत जातात. दुपारच्या वेळी शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसल्या, की काम आणि बोलणे बरोबरच पुढे सरकते. सुईत दोरा ओवायचे काम मात्र ज्या नातवंडाची नजर चांगली त्याच्याकडे येते.

अशी वाकळ जवळून पाहिली तर तिच्यात घराचा सारा इतिहास सापडतो. इरकली लुगड्याचा तांबडा काठ आणि त्याचा तोप-तेनी पदर, म्हणजे तांबड्या जमिनीवर पांढऱ्या कंगोऱ्यांची नक्षी असलेला इलकलचा खास पदर, सासूच्या वापरातला असतो. चोळीच्या खणाचा चौकोन एखाद्या आत्याचा. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कापड मुंबईच्या गिरणीत कामाला गेलेल्या दिराच्या सदऱ्याचे. आणि खाकी तुकडा शाळेच्या अर्ध्या विजारीचा. कोणता तुकडा कोणाचा, हे शिवणारी न अडखळता सांगते. वाकळ विरली की ती टाकून देत नाहीत, तिच्यावरच नवे कापड घालून पुन्हा शिवतात. त्यामुळे वरच्या पिढीच्या कापडाखाली आधीची पिढी तशीच राहते. छायाचित्रांच्या संग्रहाला जे साधत नाही ते वाकळीला साधते. १९७०-८० च्या दशकांत काढलेली रंगीत छायाचित्रे आज अनेक घरांत तांबूस पडून त्यांतील चेहरे पुसट झाले आहेत, आणि त्याच काळातील इरकली काठ मात्र वाकळीच्या आतल्या थरात अजून ताजा आहे. तान्ह्या मुलासाठी नव्या कापडाची दुपटी शिवत नाहीत, घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या वापरून मऊ झालेल्या लुगड्याचीच शिवतात, ही रीतही याच समजुतीतून आलेली आहे: नवे कापड अंगाला टोचते आणि जुन्यात माणसाची ऊब उतरलेली असते.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या दक्षिणेला उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ आणि यल्लापूर भागात राहणाऱ्या सिद्दी समाजातील, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या आणि कित्येक पिढ्या येथेच रुजलेल्या समाजातील, स्त्रियाही अशीच पांघरुणे शिवतात व त्यांना ‘कवंदी’ म्हणतात. तिच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून बसवलेल्या त्रिकोणी तुकड्यांना ‘फुला’ असे नाव असून, फुलांविना कवंदी उघडी समजली जाते. हेन्री ड्र्यूअल या अमेरिकी कला-इतिहासकाराने या कवंदींचा अभ्यास केला, त्यांची प्रदर्शने झाली, आणि शिवणाऱ्या स्त्रियांची नावे त्यांच्या कामाशी जोडली गेली. सीमाभागातील मराठी वाकळीला असा अभ्यासक अद्याप पुरेसा लाभलेला नाही, ही खंत येथे नोंदवणे आवश्यक आहे.

वाकळीचे छायाचित्रण करताना नवख्या छायाचित्रकाराच्या हातून हमखास एक चूक होते. तो तयार वाकळ अंगणात उन्हात पसरायला सांगतो, रंग उठून दिसावेत म्हणून तिच्या सुरकुत्या काढतो आणि शिवणारीला बाजूला उभे करतो. चित्र देखणे येते. परंतु त्यात वाकळीचे वजन नसते, गुडघ्यावर ताणून धरलेल्या कापडाचा ताण नसतो आणि बोटाला दाभण, म्हणजे मोठी जाड सुई, टोचू नये म्हणून गुंडाळलेली चिंधीही नसते. सोप्यात उजेड एकाच बाजूने, दारातून येतो, आणि शिवणारी आपल्या सोयीने त्या उजेडाकडे कूस करून बसलेली असते. म्हणजे प्रकाशयोजना तिने आधीच केलेली असते. हे उमगल्यावर छायाचित्रकाराचे काम पुष्कळ सोपे होते: तिला हलवू नये, आपण हलावे.

पावसाळा सुरू झाला की हा उजेडच दुर्मीळ होतो. बेळगाव, आणि त्याहून अधिक खानापूरचा भाग, सह्याद्रीच्या पाठीशी असल्याने आषाढात दिवसचे दिवस आभाळ उघडत नाही. बेंदराचे, म्हणजे बैलांच्या सणाचे, मातीचे बैल या दिवसांत होतात. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला आणि महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात येत असल्याने सीमेवरील गावांत या सणाची दोन्ही रूपे जवळजवळ पाहायला मिळतात. खानापूर ही कुंभारकामाची जुनी पेठ असून खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था तेथेच आहे. भांडी भाजण्याचा आवा, म्हणजे गोवऱ्या आणि लाकडे रचून पेटवायची भट्टी, पावसात लागत नसल्याने कुंभाराचे खरे काम कोरड्या महिन्यांत होते. बैल तेवढे कच्च्या मातीचे असतात, म्हणून ते पावसातही होतात.

पावसाळ्यातही न थांबणारे काम म्हणजे बिडी. निपाणीची ओळख तंबाखूने घडली आणि त्या तंबाखूची बिडी असंख्य घरांच्या उंबऱ्यात वळली गेली. तेंदूची, म्हणजे टेंभुर्णीची, पाने उन्हाळ्यात जंगलातून तोडून येतात. वापरण्यापूर्वी ती भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, कारण कोरडे पान कातरताना तडकते. पत्र्याचा आयताकृती साचा पानावर ठेवून कात्रीने तुकडा कापायचा, चिमटीने तंबाखू घालायची, पान वळून टोक बोटाने आत दाबायचे आणि दोऱ्याचा फेर द्यायचा, ही सारी क्रिया सरावलेल्या हाताने काही क्षणांत होते, आणि मजुरी मात्र हजाराच्या हिशेबाने ठरते. मांडीवर सूप, पाठीशी भिंत आणि तोंड दाराकडे ही बसण्याची रीतही उजेडानेच ठरवलेली आहे. पावसाळी हवेत वळलेल्या बिड्या वाळत नाहीत, त्यांना बुरशी येण्याची भीती असते, आणि मोजणीच्या वेळी नापास ठरवून बाजूला काढलेल्या बिड्यांची मजुरी बुडते. त्यामुळे चुलीच्या उबेला त्या सुकवण्याची धडपड या दिवसांत घरोघर दिसते.

या कामाचे छायाचित्र तांत्रिकदृष्ट्या कठीण आहे. कॅमेऱ्यातील उजेडाची झडप, म्हणजे शटर, अंधाऱ्या घरात जास्त वेळ उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्यात हात हलून चित्रात बोटांच्या जागी केवळ धुरकट रेघ उरते. फ्लॅश लावला तर बोटे स्पष्ट येतात, पण दारातून येणारा तो उजेड नाहीसा होतो, ज्याच्या आधाराने हे काम चालले आहे. अनुभवाने असे वाटते, की धुरकट आलेले चित्रच अधिक खरे आहे. बिडी वळणारीला सावकाश वळायला सांगणे हा तर अन्यायच होय, कारण तिची मजुरी तिच्या वेगात असते आणि छायाचित्रासाठी गेलेला वेळ तिच्या हजारातून वजा होतो.

बिडी कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा १९६६ साली आणि कल्याण निधीचा कायदा १९७६ साली झाला, आणि या कल्याण योजनांचा लाभ घेण्यासाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र लागू लागले. त्या ओळखपत्रावरील छायाचित्र इंच-दीड इंचाचे असते, त्यात केवळ चेहरा असतो आणि हात चौकटीबाहेर राहतात; तरीही ज्या स्त्रीचे लग्नानंतर स्वतंत्र छायाचित्र कधी निघाले नव्हते, तिच्यासाठी हे चित्र ती कामगार असल्याचा पहिला पुरावा ठरते, म्हणून ते पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले असते.

निपाणीच्या तंबाखू वखारींतील स्त्रियांचे हात खऱ्या अर्थाने चित्रित झाले ते १९८२ साली. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेरा सांभाळणारे नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या ‘युगांतर’ या बंगळूरच्या गटाने वखारीतील कामगार स्त्रियांवर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा लघुपट केला. या स्त्रियांनी संघटना उभी केली होती, आणि १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीजवळचा महामार्ग अडवला, ते आंदोलन व त्यात गोळीबाराने गेलेले बळी गावाच्या आठवणीत ताजे होते. लघुपट करणाऱ्यांनी कामगार स्त्रियांबरोबर राहून, त्यांना विचारून, त्यांनाच आपले अनुभव मांडू देऊन चित्रण केले. कॅमेऱ्यासमोर कोण बसले आहे, यापेक्षा काय दाखवायचे हे कोणी ठरवले, याला महत्त्व आहे, हा धडा सीमाभागातील छायाचित्रकाराने या लघुपटाकडून घ्यावा असा आहे.

पाऊस ओसरून भाद्रपद सरत आला की वाकळी पुन्हा बाहेर येतात. घटस्थापनेपूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण धुण्याचा या भागात परिपाठ आहे. वेदगंगा आणि दूधगंगा या नद्यांच्या काठी त्या दिवसांत बैलगाडी, टेम्पो, दुचाकी अशा मिळेल त्या वाहनाने वाकळी येतात, कारण भिजलेली वाकळ एका माणसाला उचलत नाही. दोघींनी दोन टोके धरून उलट दिशांना पिळावी लागते. काठच्या खडकांवर आणि झुडपांवर ओळीने वाळत घातलेल्या वाकळी म्हणजे गावच्या साऱ्या घरांचे कापड एकाच वेळी उजेडात येण्याचा वर्षातील एकमेव दिवस होय. वर्षभरात छायाचित्रणासाठी एकच दिवस निवडायचा झाला, तर हा निवडावा.

दिवाळीत बेळगावच्या गल्लीगल्लीत मुलांनी मातीचे किल्ले उभारणे आणि घरी आकाशकंदील करणे, ही कामे सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यांची छायाचित्रेही भरपूर निघतात. त्यामुळे त्यांवर येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. संक्रांतीचा हलवा मात्र सावकाश पाहण्याजोगा आहे. खसखस, तीळ किंवा साबुदाणा परातीत घेऊन, खाली मंद निखारा ठेवून, साखरेचा पाक थेंबाथेंबाने सोडत बोटांनी सतत हलवत राहिले, की दाण्यावर काटा फुलतो. हवा थंड आणि कोरडी असावी लागते, घाई चालत नाही, आणि हे काम काही दिवस पुरते. मग हे दाणे ओवून बिंदी, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, आणि बोरनहाणाच्या बाळासाठी मुकुट व बासरी करतात. बोरनहाण म्हणजे संक्रांतीच्या सुमारास लहान मुलाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हलवा ओतण्याचा संस्कार. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळे लुगडे नेसवून, हे दागिने घालून स्टुडिओत नेण्याची रीत कित्येक कुटुंबांनी पाळली, आणि म्हणून घरगुती हस्तकाम व छायाचित्र यांची गाठ पडलेला हा सण म्हणता येईल. रंगवलेल्या पडद्यापुढे काळ्या वस्त्रावर पांढरा हलवा टिपणे ही स्टुडिओवाल्याची परीक्षा असे: काळे लुगडे दिसावे म्हणून उजेड वाढवला तर हलव्याचा काटा पांढऱ्या डागात विरून जाई, आणि काटा राखावा तर चेहरा काळवंडे. जुन्या कृष्णधवल चित्रांत जेथे काटा न् काटा दिसतो, तेथे त्या स्टुडिओतील कारागिरालाही दाद द्यावी लागते. परंतु त्या चित्रांत दागिने घातलेली सून असते. चार रात्री परातीपाशी बसून तर्जनी पोळून घेणारी नणंद किंवा सासू त्यात नसते.

वस्तू चित्रात आणि करणारे हात चित्राबाहेर, हीच गोष्ट आता चपलेच्या बाबतीत जगभर घडली. कोल्हापुरी चप्पल केवळ कोल्हापुरात होत नाही. निपाणी, अथणी आणि आसपासच्या गावांतील चर्मकार कुटुंबे ती पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत, आणि तिचा ‘कापशी’ हा प्रकार निपाणीजवळच्या कापशी गावाच्या नावाने ओळखला जातो. २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील वस्तूच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, म्हणूनच महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. या दोन राज्यांच्या सीमावादात जे साधले नाही ते चपलेने साधले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, रापीने कापलेला तळ, आरीने पाडलेल्या भोकांतून कातडी वादीने घातलेली शिवण आणि एकही खिळा नाही, ही तिची घडण. कापणे आणि ठोकणे बहुधा पुरुषांकडे, तर वेणी घालणे आणि बारीक शिवण स्त्रियांकडे. पावसाळ्यात कातडे वाळत नाही आणि गिऱ्हाईकही चप्पल घेत नाही, म्हणून ते चार महिने उधारीचे असतात. जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने अशाच घडणीचे पादत्राण सादर केले, त्याची छायाचित्रे जगभर पोचली, आणि त्यासोबत ना कोल्हापूरचे नाव होते ना अथणीचे. सीमेच्या दोन्ही बाजूंनी आवाज उठल्यावर कंपनीने या परंपरेचे ऋण मान्य केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. मानांकन होतेच, पण छायाचित्राखाली नाव नव्हते. आणि वस्तूचे चित्र तिच्या कर्त्यापासून तोडून नेणे किती सोपे आहे, हे त्या एका प्रसंगात साऱ्यांना दिसले.

घरातील छायाचित्रांच्या बाबतीत हे तोडणे आपणच करत असतो. या कामानिमित्त ज्या पेट्या उघडल्या जातात त्यांतील बहुतेक चित्रे पाठकोरी असतात. समोर एक स्त्री, पदर डोक्यावर, शेजारी दोन मुले. मागे काहीही लिहिलेले नसते. घरातील वृद्ध व्यक्ती हयात असेपर्यंत ती कोण हे सांगता येते, पुढच्या पिढीत ‘कोणीतरी निपाणीकडची’ एवढेच उरते, आणि तिने घातलेली वाकळ, वळलेल्या बिड्या, घातलेली वेणी यांचा तर उल्लेखही राहत नाही. म्हणूनच या क्षेत्रात जबाबदारीने काम करणाऱ्यांनी छापलेली एक प्रत त्या घरी नेऊन देण्याचा, तिच्यामागे घरच्यांना विचारून मजकूर लिहिण्याचा, आणि तो घरच्यांच्या भाषेत, मराठी असेल तर मराठीत आणि कन्नड असेल तर कन्नडमध्ये लिहिण्याचा नेम पाळावा. प्रत परत नेऊन दिली की बहुधा दुसरे चित्र काढण्याचे आमंत्रण मिळते, आणि या वेळी कोणते काम करताना काढायचे हे त्या घरची स्त्री स्वतः सांगते.

वाचकांना विनंती एवढीच, की आपल्या घरच्या पेटीतील छायाचित्रे, सांगणारे माणूस घरात आहे तोवर, बाहेर काढावीत आणि प्रत्येकामागे नाव, गाव, अदमासे साल आणि ती व्यक्ती हाताने काय करत असे, एवढे लिहावे. बॉलपेनचा दाब समोर उमटतो, म्हणून मऊ पेन्सिल वापरावी. कागदाची पाठ गुळगुळीत असून पेन्सिल धरत नसेल, तर चिठ्ठी लिहून ती छायाचित्रासोबत एकाच पाकिटात ठेवावी.